हाडं नको तितकी घट्ट होतात तेव्हा: ऑस्टिओपेट्रोसिस झालेल्या बाळांच्या आणि मोठ्यांच्या घरांसाठी पायरीपायरीने मार्गदर्शन

ऑस्टिओपेट्रोसिस हे नाव बहुतेक घरांत एक्स-रेच्या रिपोर्टमधून येतं. बाळ नीट दूध पीत नाही, वजन वाढत नाही, चेहरा पांढरा पडलेला दिसतो, म्हणून छातीचा फोटो काढला जातो आणि न्यूमोनिया शोधायला बसलेला रेडिओलॉजिस्ट बरगड्यांबद्दल लिहितो: हाडांची घनता असाधारण वाढलेली. किंवा तिशीतला माणूस दुचाकीवरून पडतो, मांडीचं हाड आडवं मोडतं, आणि फोटोत न मोडलेली हाडंही पांढरीफटक दिसतात. दोघांच्या कागदावर एकच नाव लिहिलं जातं, पण दोघांचा पुढचा रस्ता पूर्ण वेगळा असतो. बाळाच्या हातात मोजके आठवडे असतात. मोठ्या माणसाला सहसा घाई नसते, त्याला वर्षानुवर्षांची शिस्त लागते. हा लेख दोघांसाठी आहे, तरी जास्त जागा बाळांना दिली आहे, कारण तिथे झालेला उशीर भरून निघत नाही.

आधी हे समजून घ्या: बिघाड कुठे आहे

आपलं हाड आयुष्यभर झिजवलं आणि पुन्हा बांधलं जातं. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी हाडाला चिकटून आम्ल सोडतात आणि जुना भाग विरघळवतात, तर ऑस्टिओब्लास्ट पेशी त्या जागी नवं हाड घालतात. ऑस्टिओपेट्रोसिसमध्ये ऑस्टिओक्लास्ट तयारच होत नाहीत, किंवा तयार होतात पण त्यांना आम्ल सोडता येत नाही. बांधकाम चालू राहतं, जुनं मात्र निघत नाही.

यातून चार गोष्टी घडतात आणि सगळी लक्षणं त्यांतूनच येतात. हाडाच्या आतली पोकळी भरून जाते, म्हणून तिथल्या मगजाला (रक्त बनवणाऱ्या बोन मॅरोला) जागा उरत नाही आणि रक्त कमी पडतं. मग यकृत आणि पांथरी रक्त बनवायला लागतात आणि बाळाचं पोट फुगतं. कवटीतली नसा जाण्याची भोकं अरुंद होतात, त्यामुळे डोळ्याची, कानाची, चेहऱ्याची नस दाबली जाते. हाडात कॅल्शियम अडकून पडतं आणि रक्तात ते कमी होतं. आणि इतकं घट्ट हाड सहज मोडतं, कारण त्यातल्या बारीक भेगा कधी दुरुस्तच होत नाहीत.

आणखी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. ऑस्टिओक्लास्ट जन्माला येतात रक्ताच्या मूळ पेशींपासून, पांढऱ्या पेशींच्या घराण्यातून. म्हणूनच हाडांच्या या आजाराचा इलाज बोन मॅरो ट्रान्सप्लांट हा आहे. नातेवाईक हमखास विचारतात, "हाडांचा आजार, मग रक्ताच्या डॉक्टरकडे कशाला?" त्याचं उत्तर हे.

हॅम्बुर्गचे क्ष-किरणतज्ज्ञ हाइनरिश आल्बर्स-श्योनबर्ग यांनी १९०४ मध्ये या आजाराचं वर्णन केलं. त्यांनी पाहिला तो सौम्य, मोठ्या वयात कळणारा प्रकार, आणि तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो. तो साधारण २० हजारांत एकाला असतो आणि आई किंवा वडील यांपैकी एकाकडून आलेल्या एका सदोष जनुकाने होतो. लहान बाळांतला तीव्र प्रकार साधारण अडीच लाख जन्मांत एक. त्यात आई-वडील दोघेही वाहक असतात, म्हणजे दोघांकडे जनुकाची एकेक सदोष प्रत असते, स्वतः ठणठणीत असतात, आणि प्रत्येक गर्भारपणात २५ टक्के शक्यता असते की दोन्ही सदोष प्रती बाळाकडे जातील. या दोहोंच्या मधलेही काही प्रकार आहेत.

पायरी १: बाळात संशय केव्हा घ्यायचा

एकेक लक्षण सुटं पाहिलं तर साधं वाटतं, म्हणून ते निसटतं. नाक सतत चोंदलेलं असतं, दूध पिताना बाळाला धाप लागते. सर्दी म्हणून थेंब घातले जातात, पण नाकामागची हाडाची वाटच अरुंद असते. बाळ दोन-तीन महिन्यांचं झालं तरी आईच्या चेहऱ्याकडे नजर लावत नाही, बुबुळं भिरभिरतात. कपाळ पुढे आलेलं, डोकं शरीराच्या मानाने मोठं. पोट मोठं. रक्त वारंवार कमी होतं आणि लोहाचं औषध देऊन वाढत नाही. दात यायला फार उशीर.

काही बाळांत पहिली खूण म्हणजे आकडी. जन्मानंतरच्या पहिल्या आठवड्यांत कॅल्शियम कमी होऊन आकडी येते, कॅल्शियम दिलं की थांबते, आणि "कॅल्शियम कमी होतं" एवढं सांगून घरी पाठवलं जातं. ते का कमी झालं, हा प्रश्न विचारायचा राहतो. अशा बाळाचा एक एक्स-रे नीट पाहिला तर कित्येकदा निदान तिथेच होतं.

वरच्यापैकी दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, आणि त्यातही घरात आधी एखादं बाळ "रक्त कमी होऊन" किंवा "पोट फुगून" गेलेलं असेल, तर बालरोगतज्ज्ञांना थेट विचारा: हाडांची घनता पाहिली का? आपल्याकडे मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी लग्न अनेक समाजांत आजही होतं. नात्यातल्या लग्नात दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याची शक्यता वाढते, म्हणून डॉक्टरांनी विचारलं तर नातं लपवू नका. त्यात दोष कुणाचाच नाही, पण ती माहिती निदान जवळ आणते.

पायरी २: पहिल्या काही दिवसांतल्या तपासण्या

इथे क्रम महत्त्वाचा आहे. सगळ्यात आधी रक्तातलं कॅल्शियम, शक्यतो आयनाइज्ड कॅल्शियम, कारण तेच आज रात्री जिवावर बेतू शकतं. त्याबरोबर फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फेटेज, पॅराथायरॉइड हार्मोन, व्हिटॅमिन डी आणि मूत्रपिंडाच्या तपासण्या. रक्ताची संपूर्ण तपासणी आणि काचपट्टीवरचा स्मिअर अनुभवी पॅथॉलॉजिस्टने पाहायला हवा. मगजाला जागा नसली की अपक्व लाल आणि पांढऱ्या पेशी रक्तात उतरतात, आणि ते चित्र ल्युकेमियाची शंका आणतं.

मग सांगाड्याचा पूर्ण एक्स-रे, म्हणजे स्केलेटल सर्व्हे. त्यात डॉक्टर काय शोधतात ते माहीत असलेलं बरं: हाडाच्या आत हाड असल्यासारखी रेघ, मांडीच्या हाडाचं खालचं टोक फुगलेलं, मणक्यांच्या वरच्या-खालच्या कडा गडद आणि मधला भाग फिका, कवटीचा तळ जाड. अगदी नवजात बाळाची हाडं निरोगी असूनही काही काळ गडद दिसू शकतात, तेव्हा एका फोटोवरून घाबरून जाऊ नका. पण शंका असेल तर फोटो पुन्हा कधी काढायचा याची तारीख ठरवूनच बाहेर पडा.

एक विरोधाभास कुटुंबांना गोंधळात टाकतो: हाडं इतकी घट्ट, आणि रिपोर्टमध्ये मुडदूसही लिहिलेला. दोन्ही खरं असू शकतं. कॅल्शियम जुन्या हाडात कोंडलेलं असतं आणि हाड वाढतं त्या टोकाशी ते पोचत नाही. हा मुडदूस ट्रान्सप्लांटच्या आधी आटोक्यात आणावा लागतो.

डोळ्यांची तपासणी त्याच आठवड्यात करून घ्या, पुढच्या महिन्यावर ढकलू नका. नेत्रतज्ज्ञ डोळ्याचा मागचा पडदा आणि नस पाहतील. व्हीईपी ही चाचणी डोळ्याकडून मेंदूकडे संदेश पोचतो का ते सांगते, आणि ईआरजी पडदा स्वतः काम करतो का ते. फरक मोठा आहे: नस दाबल्याने नजर जात असेल तर घाई करून काही वाचवता येतं. पडदाच खराब होत असेल तर तो मेंदूलाही ग्रासणाऱ्या प्रकाराचा इशारा असू शकतो. कानांसाठी बेरा चाचणी, आणि मेंदूचा एमआरआय.

बोन मॅरोची सुई घालायला कुणी घाई केली तर थांबवून विचारा. या आजारात मगजाची जागा भरलेली असल्याने सुईतून बहुधा काहीच येत नाही, आणि निदानासाठी तिची गरजही सहसा लागत नाही.

पायरी ३: दुसरं काही नाही ना, हे पाहून घेणं

हाडं गडद दिसण्याची कारणं अनेक आहेत. महाराष्ट्रात मोठ्या माणसाच्या बाबतीत पहिला विचार फ्लोरोसिसचा करावा, विशेषतः यवतमाळ, चंद्रपूर अशा फ्लोराइडयुक्त पाण्याच्या पट्ट्यातून आलेला असेल तर. त्यात वर्षानुवर्षांचं बोअरचं पाणी, दातांवर पिवळे-तपकिरी डाग, हाडांना जोडणाऱ्या स्नायुबंधांत साठलेलं कॅल्शियम आणि लघवीतलं वाढलेलं फ्लोराइड असं चित्र असतं. तान्ह्या बाळाला फ्लोरोसिस होत नाही.

दुसरा जवळचा आजार पिक्नोडिसॉस्टोसिस. त्यात उंची कमी राहते, टाळू मोठेपणीही भरत नाही, खालच्या जबड्याचा कोन सपाट होतो, बोटांची टोकं आखूड आणि झिजलेली असतात. इथे ऑस्टिओक्लास्ट आम्ल सोडतात, पण कॅथेप्सिन के हे एन्झाइम नसल्याने हाडातली प्रथिनं तुटत नाहीत. रक्त सहसा चांगलं राहतं, ट्रान्सप्लांट लागत नाही. फ्रेंच चित्रकार तुलूझ-लोत्रेक यांना हाच आजार असावा असं अनेक अभ्यासकांचं मत आहे. त्यांच्या दोन्ही आज्या सख्ख्या बहिणी होत्या.

मूत्रपिंडाचा जुना आजार, शिशाची विषबाधा, रक्ताचे काही आजार यांचाही विचार डॉक्टर करतात. त्यात फार अडकू नका. पुढची पायरी हा गुंता बहुतेक वेळा सोडवते.

पायरी ४: जनुक तपासणी आणि एचएलए (दात्याच्या पेशी बाळाशी जुळतात का, ही तपासणी), दोन्ही एकाच दिवशी

या लेखातून एकच गोष्ट घ्यायची असेल तर ही घ्या. जनुक तपासणीचा रिपोर्ट यायला काही आठवडे लागतात. पुष्कळ घरं तोवर थांबतात, मग दात्याचा शोध, मग पैशांची जुळवाजुळव, असं एकामागून एक करत जातात. तीव्र प्रकारच्या बाळाला हे परवडत नाही. ज्या दिवशी जनुक तपासणीसाठी रक्त घेतलं जाईल, त्याच दिवशी बाळाचं, सख्ख्या भावंडांचं आणि आई-वडिलांचं एचएलए जुळणीसाठीही रक्त द्या, आणि त्याच आठवड्यात ट्रान्सप्लांट केंद्राशी बोला. निदान बदललं तर वाया जाईल एका तपासणीचा खर्च. उलट बाजूला बाळाची नजर आहे.

जनुकाचं नाव कळणं म्हणजे केवळ शिक्कामोर्तब नव्हे, उपचाराचा निर्णय त्यावर फिरतो. तीव्र प्रकारच्या साधारण निम्म्या बाळांत टीसीआयआरजी१ या जनुकात दोष असतो, आणि त्यांना ट्रान्सप्लांटचा उपयोग होतो. सीएलसीएन७ हे जनुक दोन्हीकडे भेटतं: दोन्ही प्रती सदोष असल्या तर तीव्र आजार, एक असली तर मोठ्यांचा सौम्य. त्याच्या तीव्र प्रकारातल्या काही बाळांत मेंदूचाही ऱ्हास होतो. ओएसटीएम१ मध्ये दोष असेल तर मेंदूचा ऱ्हास होतोच आणि ट्रान्सप्लांट तो थांबवू शकत नाही. टीएनएफएसएफ११ मध्ये दोष असेल तर ट्रान्सप्लांट निरुपयोगीच, कारण तिथे ऑस्टिओक्लास्टच्या पेशी ठीक असतात, त्यांना जागं करणारा संदेश हाडाकडून येत नाही. मगज बदलून तो संदेश मिळत नाही. सीए२ मधल्या दोषात मूत्रपिंडातून आम्ल बाहेर पडत नाही, मेंदूत कॅल्शियम साठतं, हाडांचा भाग मात्र तुलनेने सौम्य असतो.

रिपोर्टमध्ये कधीकधी "अर्थ अनिश्चित" असा शेरा येतो. अशा वेळी आई-वडिलांचं रक्त तपासून दोन बदल दोघांकडून एकेक आले का ते पाहतात. रिपोर्ट घेऊन जनुकतज्ज्ञांसमोर बसा, व्हॉट्सअ‍ॅपवर अर्थ विचारू नका.

पायरी ५: ट्रान्सप्लांटचा निर्णय

तीव्र प्रकाराची बहुतेक बाळं ट्रान्सप्लांटशिवाय पहिल्या दशकापलीकडे जगत नाहीत. रक्त न बनणं आणि जंतुसंसर्ग ही मुख्य कारणं. हे ऐकायला कठोर आहे, पण निर्णयाच्या वेळी ते कुणीतरी स्पष्ट सांगायलाच हवं. ट्रान्सप्लांट जितकं लवकर तितकं चांगलं, शक्यतो बाळाचा पहिला वाढदिवस व्हायच्या आत. नवे ऑस्टिओक्लास्ट काही महिन्यांत हाड मोकळं करू लागतात, रक्त सुधारतं, एक्स-रे हळूहळू बदलतो. गेलेली नजर मात्र सहसा परत येत नाही. आहे ती टिकवणं हेच उद्दिष्ट. दातांच्या आणि उंचीच्या अडचणी नंतरही राहू शकतात.

दाता कोण? पूर्ण जुळणारं सख्खं भावंड सर्वांत उत्तम. प्रत्येक भावंडाची जुळण्याची शक्यता २५ टक्के. ते भावंड स्वतः वाहक असलं तरी दाता होऊ शकतं, ही गोष्ट अनेकांना माहीत नसते. मात्र ते स्वतः आजारी नाही ना, हे जनुक तपासून खात्री करूनच. भावंड जुळत नसेल तर दात्यांच्या नोंदणी संस्थांकडे शोध घेतात. चेन्नईची दात्री ही त्यातली एक. आणि आता आई किंवा वडिलांच्या अर्ध्या जुळणाऱ्या पेशी वापरूनही ट्रान्सप्लांट केलं जातं. तान्ह्या बाळासाठी महिनोन्महिने परका दाता शोधत बसण्यापेक्षा हा पर्याय पहिल्या भेटीतच विचारावा, असं माझं ठाम मत आहे.

धोके खरे आहेत. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या आकडेवारीत जुळणाऱ्या भावंडाच्या पेशींनंतर ५ वर्षांनी आजारमुक्त जगलेल्या मुलांचं प्रमाण ७३ टक्के होतं; अर्ध्या जुळणीत ते फक्त २४ टक्के होतं. त्यानंतर पद्धती बऱ्याच सुधारल्या आहेत, म्हणून तुमच्या केंद्राचे स्वतःचे अलीकडचे आकडे मागा, आणि ऑस्टिओपेट्रोसिसच्या किती मुलांचं ट्रान्सप्लांट त्यांनी केलं हेही विचारा. या आजारात काही धोके खास वाढतात: नव्या पेशी न रुजणं, यकृतातल्या बारीक शिरा बंद होणं, फुप्फुसातला रक्तदाब वाढणं. शिवाय नवे ऑस्टिओक्लास्ट कामाला लागले की हाडात कोंडलेलं कॅल्शियम एकदम रक्तात येतं. ज्या बाळाला महिनोन्महिने कॅल्शियम द्यावं लागलं, त्याचंच कॅल्शियम आता धोकादायक वाढतं, आणि मूल थोडं मोठं असेल तर जास्तच. म्हणून ट्रान्सप्लांटनंतर घरातली कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीची बाटली डॉक्टरांना विचारल्याशिवाय उघडायची नाही. आधी दिल्या जाणाऱ्या केमोथेरपीचा पुढे मूल होण्याच्या क्षमतेवर परिणाम होऊ शकतो, त्याबद्दलही बोलून घ्या.

राहण्याची सोय आधीच पाहा. रुग्णालयात साधारण महिना-दीड महिना, आणि त्यानंतर पहिले १०० दिवस रुग्णालयाच्या जवळपासच राहावं लागतं. गावी परत जाऊन तपासणीला येऊ, हे जमत नाही. दोघांपैकी एकाची नोकरी, दुसऱ्या मुलाची शाळा, आजी-आजोबांपैकी कोण येणार, हे लिहून ठरवा.

गॅमा इंटरफेरॉन या औषधाला अमेरिकेत २००० मध्ये तीव्र ऑस्टिओपेट्रोसिससाठी मान्यता मिळाली. ते काही बाळांत संसर्ग कमी करून वेळ मिळवून देतं, आजार बरा करत नाही. पूर्वी मोठ्या मात्रेत कॅल्सिट्रिऑल (व्हिटॅमिन डीचं सक्रिय रूप) देत असत. ऑस्टिओक्लास्टना चेतवण्याचा तो प्रयत्न होता. २०१७ च्या तज्ज्ञांच्या एकमताने ठरलेल्या सूचनांनी ते देऊ नये असं म्हटलं आहे. कमी कॅल्शियम भरून काढण्यापुरती मात्रा ही वेगळी गोष्ट.

पायरी ६: पैसा

केंद्र सरकारच्या दुर्मीळ आजारांसाठीच्या राष्ट्रीय धोरणात, म्हणजे २०२१ च्या, ऑस्टिओपेट्रोसिसचं नाव पहिल्या गटात आहे: एकदाच केलेल्या उपचाराने बरे होऊ शकणारे आजार. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा वाढवून ५० लाख रुपयांपर्यंत केली गेली. ही मदत नेमलेल्या उत्कृष्टता केंद्रांमार्फत मिळते आणि मुंबईचं केईएम रुग्णालय त्यांपैकी एक आहे. थेट दिल्लीला अर्ज पाठवून उपयोग नाही. केंद्रातल्या तज्ज्ञांनी बाळाला तपासून, कागद पाहून प्रस्ताव पुढे न्यायचा असतो. म्हणून संशय पक्का होताच, जनुकाचा रिपोर्ट हातात यायची वाट न पाहता, केईएमच्या बाह्यरुग्ण विभागात नोंद करून घ्या. सोबत बाळाचा जन्मदाखला, आई-वडिलांचं आधार, सगळे एक्स-रे सीडीवर, आणि रिपोर्टच्या दोन-दोन झेरॉक्स ठेवा. मुख्यमंत्री सहायता निधीसाठीही अर्ज करता येतो. त्यासाठी रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं. रुग्णालयातल्या वैद्यकीय समाजसेवकाला पहिल्याच दिवशी गाठा, हे रस्ते त्यांना पाठ असतात.

पायरी ७: वाट पाहण्याच्या काळात घरी

रक्त चढवावं लागलं तर एक नियम पक्का: आई-वडील, काका-मामा यांचं रक्त थेट बाळाला देऊ नका. पुढे त्यांच्याच पेशी लागणार असतील, तर बाळाचं शरीर आधीच त्यांच्याविरुद्ध सज्ज होऊन बसतं. नातेवाइकांची रक्त द्यायची इच्छा मोडू नका, त्यांना रक्तपेढीत बदली रक्तदान करू द्या. बाळासाठी पांढऱ्या पेशी गाळलेलं आणि किरणांनी संस्कारित केलेलं रक्त मागा.

मालिशवाल्या बाईंना काही काळ सुट्टी. तेल हलक्या हाताने लावायला हरकत नाही, पण हातपाय ताणणं, घडी घालणं, डोक्याला आकार देण्यासाठी दाबणं पूर्ण बंद. बाळाला काखेत धरून उचलण्याऐवजी पाठ आणि कुल्ले दोन्ही तळव्यांवर पेलून उचला. एखादा हात-पाय बाळ हलवत नसेल, कपडे घालताना अचानक रडत असेल, तर एक्स-रे. हाडवैद्याकडे नेऊन ओढून बसवणं या आजारात फार महागात पडतं.

ताप म्हणजे त्याच दिवशी डॉक्टर. झोपेत श्वास थांबून थांबून घेतला जात असेल, घोरणं मोठं असेल, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. चोखताना दमत असेल तर थोडं थोडं, वारंवार पाजा. वजन घसरत राहिलं तर नाकातून नळी घालून भरवण्यात कमीपणा नाही, ट्रान्सप्लांटला जाताना बाळाच्या अंगात बळ लागतं. लसींबद्दल, विशेषतः जिवंत जंतूंच्या लसींबद्दल, ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारून ठरवा. ट्रान्सप्लांटनंतर बहुतेक लसी नव्याने द्याव्या लागतात.

मोठ्यांचा सौम्य प्रकार असेल तर

इथे ट्रान्सप्लांट नाही, आणि हाड पातळ करणारं खात्रीचं औषधही नाही. हाती आहे ते सांभाळणं.

सगळ्यात आधी औषधांच्या यादीकडे पाहा. हाड मोडलं की काही ठिकाणी सरसकट हाडं बळकट करणारी औषधं लिहिली जातात: अ‍ॅलेंड्रोनेट, झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड, डेनोसुमॅब. ही ऑस्टिओक्लास्टना रोखतात, आणि तुमच्याकडे ते आधीच रोखलेले आहेत. ही औषधं तुमच्यासाठी नाहीत. नावातल्या साम्यामुळे केसपेपरवर ऑस्टिओपोरोसिस (हाडं विरळ होण्याचा उलटा आजार) लिहिलं गेलं असेल तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करून घ्या.

हाडाची शस्त्रक्रिया करायची झाली तर असे हाड आधी हाताळलेला सर्जन शोधा. ड्रिल तापतं, त्याची पाती तुटतात, स्क्रू बसत नाही, हाड जुळायला उशीर लागतो. हळू गतीने, सलाइनने थंड करत, पाती बदलत काम करावं लागतं, आणि त्याची तयारी आदल्या दिवशी लागते. मांडीच्या हाडाचा वरचा भाग सर्वांत जास्त मोडतो. लहान मुलांत बऱ्याच फ्रॅक्चरला प्लास्टर पुरतं.

दात हा या प्रकारातला सर्वांत दुर्लक्षित कोपरा. जबड्याला रक्तपुरवठा कमी असतो. साधी दाढ काढली तरी जखम भरत नाही, जबड्यात पू होतो आणि वर्षानुवर्षं वाहत राहतो. म्हणून दर ६ महिन्यांनी दंतवैद्य, कीड दिसताच भरणं, शक्य तिथे रूट कॅनलने दात वाचवणं. काढावाच लागला तर मोठ्या रुग्णालयात, तोंडाच्या सर्जनकडून, प्रतिजैविकाच्या संरक्षणाखाली.

वर्षातून एकदा डोळे आणि कान. नजर अचानक अंधुक झाली, चेहऱ्याची एक बाजू ढिली पडली, तर वर्षाची वाट पाहू नका. व्हिटॅमिन डी योग्य पातळीवर ठेवा, त्याहून जास्त नको. चालणं, पोहणं चांगलं. कबड्डी, कुस्ती, मल्लखांब टाळा.

सौम्य प्रकारात मुलाकडे दोष जाण्याची शक्यता ५० टक्के, पण दोष असूनही साधारण एक तृतीयांश लोकांत आजार दिसतच नाही. त्यामुळे भावंडांचा एक्स-रे चांगला आला तरी जनुकाचा प्रश्न सुटत नाही, हे लग्नाच्या वयात आलेल्यांना सांगा.

पाकिटात ठेवायचं कार्ड

अपघातात किंवा भुलीच्या वेळी बोलायला कुणी नसेल, म्हणून एक लॅमिनेट केलेलं कार्ड सोबत असू द्या. त्यावर आजाराचं नाव, जनुक, रक्तगट, चालू औषधं, उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा फोन. आणि तीन ओळी ठळक: हाडातून सलाइन देण्याची सुई घालू नये, जबडा आणि मान आखडलेली असू शकते म्हणून श्वासनळीत नळी घालणं अवघड जाईल, कॅल्शियम लगेच तपासा. भूलतज्ज्ञांना शस्त्रक्रियेच्या दिवशी नव्हे, आधी भेटा.

शाळा आणि प्रमाणपत्र

दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये ऑस्टिओपेट्रोसिस असं नाव नाही, पण अंधत्व, अल्पदृष्टी, श्रवणदोष, हालचालीतलं अपंगत्व, खुजेपणा हे सारं आहे. आजाराने जे झालं असेल त्यासाठी जिल्हा रुग्णालयातून यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढा. नजर कमी असलेल्या बाळाला शाळेच्या वयापर्यंत थांबवू नका. स्पर्शाने आणि आवाजाने शिकवणं पहिल्या वर्षातच सुरू करता येतं, आणि ट्रान्सप्लांटच्या धावपळीत नेमकं तेच राहून जातं.

पुढच्या गर्भारपणाआधी

पहिल्या बाळाचा जनुकदोष नेमका माहीत असेल तरच गर्भाची खात्रीशीर तपासणी होते. सोनोग्राफीवर विसंबता येत नाही, हाडं गर्भात बऱ्याचदा साधीच दिसतात. म्हणून बाळाची अवस्था कितीही बिकट असली, तरी त्याच्या रक्तातून जनुक तपासणी करून घ्या, निदान डीएनए साठवून तरी ठेवा. पुढे गर्भ ११ ते १३ आठवड्यांचा असताना वारेचा तुकडा घेऊन किंवा १६ आठवड्यांनंतर गर्भजल काढून तपासणी होते. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणारा कायदा आनुवंशिक आजाराच्या तपासणीला परवानगी देतो, मात्र ती नोंदणीकृत केंद्रातच. निर्णय काय घ्यायचा हा सर्वस्वी तुमचा. तो घ्यायला वेळ मिळावा म्हणून गर्भधारणेच्या आधीच जनुकतज्ज्ञांना भेटा. आत्या, मामा, काका यांच्या घरातल्या लग्नाळू मुलामुलींनाही वाहक तपासणीबद्दल सांगा, विशेषतः लग्न नात्यात ठरत असेल तर.

नाळेतलं रक्त साठवण्याच्या जाहिराती गरोदरपणात गाठतातच. आजारी बाळाचं स्वतःचं नाळेतलं रक्त त्याच्या कामाचं नाही, त्या पेशींतही तोच दोष असतो. पण पहिलं बाळ ट्रान्सप्लांटच्या प्रतीक्षेत असताना दुसरं निरोगी बाळ जन्माला येत असेल, तर त्याच्या नाळेतलं रक्त थोरल्याच्या उपयोगी पडू शकतं. ते जपून ठेवायचं का, हे प्रसूतीच्या महिनाभर आधी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांकडून विचारून घ्या, आणि प्रसूतीतज्ज्ञांच्या केसपेपरवर लिहवून घ्या.